पिवळा चिमटा

गुंडू सुताराचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या काउंटरवर एका फाटक्या कादंबरीच्या पानाला खळ लावत बसलो होतो. पोस्टमनने ते माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाला, "सर, जोडकार्ड हाय. निम्मं तुमचं, निम्मं त्याचं. उत्तर टाकायचं इसरू नका."

त्याने ते वाचलं होतं, हे उघड होतं. कार्ड सगळेच वाचतात. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन कार्डं. एकावर मजकूर, दुसरं उत्तरासाठी कोरं, त्याचं तिकीटही पाठवणाऱ्यानेच आधी भरलेलं. मजकूर असा होता :

"श्री. टेंबे सर यांस नमस्कार. मी आता गडहिंग्लजला आहे. बाजारपेठेत जागा घेतली आहे. एकच विचारतो. त्या दिवशी माझं ट्यूनिंग बरोबर होतं की नव्हतं? तुम्ही शिकलेले आहात, नियम तुम्ही लिहिले, फळा तुमच्याजवळ होता. सोबतच्या कार्डावर हो किंवा नाही एवढंच लिहा. पत्ता मी घातला आहे. गुंडू सुतार."

मी कोरं कार्ड हलक्या हाताने वेगळं केलं, पेनाचं टोपण काढलं आणि मग मनाशी म्हटलं, घाईघाईत लिहू नये. ही गोष्ट फेब्रुवारी सत्त्याऐंशीची. घाई टाळण्यात सदतीस वर्षं गेली.

त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या इचलकरंजीत भूपालअण्णा मगदूमांनी विमानांचा क्लब काढला होता. अण्णांचे दोनशे यंत्रमाग होते, एक शिक्षणसंस्था होती आणि मुंबईहून आणलेलं, जमिनीवरून चालवायचं एक छोटं लाकडी विमान होतं. एवढं सगळं असलेल्या माणसाला क्लब काढण्यावाचून गत्यंतर नसतं. सभासद सात. दातांचे डॉक्टर खाडिलकर उपाध्यक्ष. मी सेक्रेटरी, कारण परदेशी मासिकं वाचनालयात येत आणि ती उघडणारा गावात मी एकटाच होतो.

माझ्याकडे विमान नव्हतं. विमान घेतलं की उडवावं लागतं आणि उडवलं की ते पडतं. माझ्याकडे फक्त ट्रान्समीटर होता, म्हणजे विमानाला हुकूम सोडणारा तो हातातला डबा. डॉक्टरांनी नवा घेतला तेव्हा त्यांचा जुना मी घेतला आणि घरी शब्दकोशांच्या शेजारी ठेवला. कधी दार लावून घेऊन मी त्याच्या दांड्या हलवत असे, बटण बंद ठेवून. बटण चालू करायला नियम आड येत होते, आणि नियम मीच लिहिले होते.

एकोणीस नियम होते. त्यामागची गोष्ट साधी. विमान एकाच लहरीवर कान लावून बसलेलं असतं. त्याच लहरीवर दोन ट्रान्समीटर बोलू लागले, की दोन सासवांच्या हाताखालच्या सुनेसारखं त्याचं होतं. कुणाचंच नीट ऐकता येत नाही, आणि ते जमिनीवर येतं. आमच्या वाट्याला अशा सहा लहरी होत्या आणि प्रत्येकीला एक रंग दिलेला होता. मी एक फळा केला, त्याला सहा खिळे ठोकले आणि कपडे वाळत घालायचे सहा लाकडी चिमटे त्या त्या रंगात रंगवून टांगले. ज्याला उडवायचंय त्याने आपल्या रंगाचा चिमटा फळ्यावरून घ्यायचा, आपल्या एरियलला लावायचा आणि मगच बटण चालू करायचं. रंगाला चिमटा एकच, त्यामुळे त्या लहरीवर माणूसही एकच. नियम दुसरा : 'चिमटा नाही, तर बटण नाही.' बाकीचे अठरा मी भारदस्त भाषेत लिहिले होते, त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत.

गुंडू सुतार अठ्ठावीस वर्षांचा होता. जुन्या बसस्थानकामागे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाप सुतारकाम करणारा, त्यामुळे लाकडाचा हात घरातला आणि रेडिओचा स्वतः कमावलेला. बाकीच्यांची विमानं विकतची होती. गुंडूने आपलं बनवलं, पंख्याच्या पात्यापासून पोटातल्या तारेपर्यंत. त्याला दीड वर्ष लागलं. अण्णांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि म्हणाले, "गुंड्या, क्लबच्या वाढदिवसाला सूतगिरणीचे रावसाहेब मांगुरे येणार हायत. त्यांच्यापुढं हे उडू दे. नीट उडालं, की आमच्या तंत्रशाळेत वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. कायमचा."

"आणि न्हाई उडालं तर, अण्णा?"

"तर तू हाईसच की दुकानात."

गुंडूने मला अर्ज लिहून मागितला. मी दोन पानी लिहिला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "सर, ह्यात मी कुठं हाय?"

वाढदिवसाला गावाबाहेरच्या माळावर मांडव घातला होता. विमानविद्येवर दीड तास भाषणं झाली. बोलणाऱ्यांपैकी एकही जण विमानात बसलेला नव्हता. सातव्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे ट्रान्समीटर फळ्याशेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेत कुलपात होते. माझा तेवढा प्रदर्शनाच्या टेबलावर होता. त्याच्यापुढे मी माझ्या अक्षरात पाटी ठेवली होती, 'आदेश-प्रेषक यंत्र'. टेबल, फळा आणि नोंदवही यांच्यामध्ये माझी खुर्ची होती. आयुष्यात इतक्या अधिकाराने मी कधी बसलो नव्हतो.

गुंडू नवा शर्ट घालून आला होता. घड्या मोडल्या नव्हत्या.

"सर, पिवळा."

मी वेळ लिहिली, अकरा दहा. त्याने पिवळा चिमटा काढला, एरियलला लावला आणि माझ्यापुढे धरला.

"दिसतोय न्हवं?"

"दिसतोय."

"मग ऱ्हावा बघत. तुमच्या हातानं लिवलेला अर्ज हाय, वाया जाऊ द्यायचा न्हाई."

विमान उठलं ते अगदी सहज. माझ्यासारख्या माणसालाही कळलं की याआधी आम्ही जे करत होतो ते उडवणं नव्हतं, ते पडणं लांबवणं होतं. गुंडूने दोन गिरक्या घेतल्या, विमान उलटं केलं, सुलटं केलं, आणि मांडवाच्या अंगाने खालून एक फेरी घेतली, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा रावसाहेबांना म्हणाले, "आमचा इन्स्ट्रक्टर." 'होणारा' हा शब्द त्यांनी तेव्हाच गाळला होता. गुंडूच्या कानावर ते गेलं असावं, कारण त्याची मान ताठ झाली.

रावसाहेबांची मान मात्र वर बघून अवघडली होती. ते खुर्चीतून उठले आणि माझ्या टेबलापाशी आले.

"हे काय?"

"आदेश-प्रेषक यंत्र, साहेब. म्हणजे ट्रान्समीटर."

"तुमचा?"

"हो."

"आणि इमान?"

"विमान नाही."

"न्हाई?" त्यांनी वळून हाक मारली. "भूपाल, अरं तुझ्या सेक्रेटरीकडं लगाम हाय, घोडाच न्हाई!" आजूबाजूच्या खुर्च्या हसल्या. डॉक्टर खाडिलकर सगळ्यांत मोठ्याने हसले. रावसाहेबांनी डब्यावर बोटाने टकटक केलं. "चालतंय तरी का, का नुसतंच मांडलंय?"

मी त्यांना उत्तर दिलं. ते त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात माळावरून गुंडूची आरोळी आली. "ऐकंना! अण्णा, ऐकंना झालंय!"

विमान थरथरलं, एका पंखावर कललं आणि सरळ मांडवाकडे निघालं. लोक उठले, खुर्च्या पडल्या. अगदी शेवटच्या क्षणी, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, त्याचं नाक वर आलं. त्याने कुणाला काही केलं नाही. खुर्च्यांच्या ओळीवरून ते सावरत गेलं, पण पुढे जागा नव्हती. मांडवाच्या मागे आचाऱ्याने मठ्ठ्याचं पातेलं उघडं ठेवलं होतं. दीड वर्षाचं काम त्यात नाकापर्यंत बुडालं. रावसाहेबांच्या पांढऱ्या कोटावर कोथिंबीर उडाली.

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळा माळ हसला.

गुंडूने पातेल्यातून मोडके पंख काढले. शर्टाला मठ्ठा लागला होता. तो सरळ माझ्यापाशी आला, एरियलचा पिवळा चिमटा काढून माझ्यापुढे धरला. "जमा करून घ्या, सर. नियम हाय न्हवं?"

मी घेतला. माझा हात ओला होता, मठ्ठ्याने नव्हे. गुंडूने टेबलाकडे एकदा पाहिलं आणि गेला.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या कापडाच्या पेढीत चौकशी बसली. अण्णा, डॉक्टर, गुंडू आणि इतिवृत्त लिहायला मी.

अण्णा म्हणाले, "रावसाहेबांनी विचारलंय, कुणाची चूक. मला एक नाव पाहिजे. बोल गुंड्या."

"अण्णा, माझा सेट मी परत लावून बघितला. ठणठणीत हाय. आणि शेवटाला इमानानं माझं ऐकलं, नाक वर केलं. ते सगळ्यांनी बघितलंय. म्हंजे मधी ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत हुतं."

"कुणाचं? देवाचं?"

"पिवळ्यावर कोणतरी हुतं."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सगळे ट्रान्समीटर ट्रंकेत होते. कुलूप मी घातलं, किल्ली माझ्या खिशात. बाहेर होता तो एकच, सेक्रेटरींचा."

मी पेन थांबवलं.

"आणि त्यांना तर विमानच नाही!" डॉक्टर म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की अण्णांना ठसका लागला. दिवाणजीने पाणी आणून दिलं.

गुंडू हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो वाट बघत होता. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे मास्तर बघतो तसा, की आता हा हात वर करील.

"सेक्रेटरी, तुमचं काय मत?" पाणी पिऊन अण्णांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरोखर उघडलं.

"त्यांना कशाला विचारताय," डॉक्टर म्हणाले, "ते लिहितील. सेक्रेटरी, तो स्फटिकाचा नियम कितवा हो?"

"अकरावा," मी म्हणालो. तोंड उघडलेलंच होतं, त्यातून हे बाहेर पडलं.

अकरावा नियम मी एका परदेशी मासिकातून उतरवला होता. ट्रान्समीटरची लहर ठरवणारा नखाएवढा स्फटिक कोणाही सभासदाने स्वतः बदलू नये, तज्ज्ञाकडून बदलून घ्यावा. तिकडे त्याला तज्ज्ञ असतील. आमच्याकडे गुंडू होता. त्याने सातही सभासदांचे स्फटिक बदलून दिले होते. माझा बदलला तो वाढदिवसाच्या महिनाभर आधी, त्याच्या दुकानात.

"सर, तुमच्यात निळा हाय, डॉक्टरांचा. तुमी दोघं एकदम आलासा तर पंचाईत. पिवळा घालू का? पिवळ्यावर मी एकटाच असतो."

"पण नियम अकरा..."

"कुणी लिवलाय त्यो?"

"मी."

"मग तुमीच जरा डोळं मिटा." त्याने झाकण उघडलं. "एक डाव तुमी उडवायचं, एक डाव मी. चिमटा एकच, भांडण न्हाई."

तेव्हा रावसाहेबांना मी काय उत्तर दिलं ते आता सांगतो. मी तोंडाने उत्तर दिलंच नव्हतं. मी एरियल वर ओढली आणि बटण चालू केलं. ट्रान्समीटरच्या पुढच्या बाजूला एक छोटा काटा असतो. बटण चालू केलं की तो झटक्यात उठतो. मला त्यांना तो काटा दाखवायचा होता. नुसतं मांडलेलं नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. काटा उठला, रावसाहेबांनी मान डोलावली, आणि मी, चाळीस वर्षांचा माणूस, खूश झालो. गुंडूची आरोळी कानावर येऊन ती कळेपर्यंत आठदहा सेकंद गेले असतील. मग मी बटण बंद केलं. मग विमानाने गुंडूचं ऐकलं.

अहवाल मीच लिहिला. "श्री. सुतार यांनी नियम क्र. ११ चे उल्लंघन करून स्वतः स्फटिक बदलल्याने लहरींच्या जुळणीत दोष उत्पन्न झाला, असे समितीचे मत आहे." अहवालाची भाषा उत्तम होती. माझी भाषा नेहमीच उत्तम असते. अण्णांनी त्याच्या प्रती काढून गावभर वाटल्या आणि पुढच्या बैठकीत मला शाल दिली. इन्स्ट्रक्टरची जागा अण्णांच्या मेहुण्याला मिळाली. तापल्या इस्त्रीने तारा जोडता येतात का, असं त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं म्हणे. 'ट्यूनिंग न येणारा मेकॅनिक' म्हणून गुंडूच्या दुकानात रेडिओ येईनासे झाले. दिवाळीनंतर त्याने दुकानाच्या फळ्या कायमच्या लावल्या. मग कार्ड आलं.

उत्तराचे मसुदे मी बरेच केले. पहिल्यात प्रस्तावना होती. चौथ्यात तीन मुद्दे आणि निष्कर्ष होता. एका मसुद्यात मी मनुष्यस्वभावाविषयी असं काही लिहिलं की मलाच कौतुक वाटलं, आणि शेवटी वाचून बघतो तर त्यात बटणाचा उल्लेख राहून गेला होता. कोरं कार्ड मी क्लबच्या जुन्या नोंदवहीत ठेवलं, पिवळा चिमटा लावून. तो मी फळ्यावर परत टांगलाच नव्हता.

गेल्या महिन्यात सन्मती घरी आली. भूपालअण्णांची ही नात, इंजिनिअर आहे, शेतांवर औषध फवारणारे ड्रोन चालवते आणि आता क्लबची अध्यक्ष आहे. चपला काढता काढताच म्हणाली, "आजोबा, स्मरणिका काढतोय. तुम्ही एक खुसखुशीत लेख द्यायचा. मठ्ठ्यातलं विमान!"

"ते कशाला?"

"अहो, गावात अजून सांगतात. त्या मेकॅनिकने ट्यूनिंग बिघडवलं होतं ना? लोक हसतील." तिने माझ्या कपाटातला ट्रान्समीटर उचलून उलटासुलटा केला. "बाप रे, हा असला. आता चिमटे नाहीत की स्फटिक नाहीत. रिमोट आपली मोकळी जागा आपण शोधतो, सेकंदाला कितीदा तरी लहर बदलतो. पन्नास जण एकदम उडवतात. तुमचा फळा मी ऑफिसात शोभेला लावलाय. एक चिमटा कमी आहे त्यात."

"गुंडू सुतार..." मी नुसतं नाव घेतलं.

"तोच तो! आहे की अजून, गडहिंग्लजला. ड्रोनमधली सर्किटची एक पट्टी जळाली होती, कुणी हात लावेना, ह्याने अर्ध्या तासात करून दिली. दुकानात तुमचा तो अहवाल फ्रेम करून लावलाय त्याने. गिऱ्हाइकाला म्हणतो, 'आधी हे वाचा, मग रेडिओ द्या.' मी वाचला. भाषा काय भारी आहे हो तुमची!"

मी तिच्या हातातून ट्रान्समीटर घेऊन परत कपाटात ठेवला.

"मी म्हटलं, इचलकरंजीची, मगदूमांची. तर म्हणाला, 'टेंबे सर हायत का?' म्हटलं, आहेत. 'मग यील उत्तर,' म्हणाला. कसलं उत्तर, आजोबा?"

"एका अक्षराचं," मी म्हणालो. तिला तो विनोद वाटला. मला विनोद जमत नाहीत.

ती गेल्यावर मी नोंदवही काढली. अकरा दहाची नोंद माझ्याच अक्षरात होती, 'पिवळा – गु. सुतार'. तिच्याखाली दुसरी नोंद नव्हती, कारण मी चिमटा घेतलाच नव्हता. कार्डावर लिहिताना पाकिटाचा विचार मनात आला. कार्ड सगळे वाचतात. मग आठवलं की अहवालही सगळ्यांनीच वाचला होता. एकही मसुदा न करता लिहिलं :

"हो. तुमचं ट्यूनिंग बरोबर होतं. चिमटा न घेता मी माझा ट्रान्समीटर पिवळ्यावर चालू केला होता, रावसाहेबांना दाखवायला. चूक माझी. हे कार्ड त्या फ्रेमशेजारी लावा. मोरेश्वर टेंबे."

वाचून बघितलं. भाषा साधारण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी चिमटा लावलेलं कार्ड उलटंपालटं केलं. "आजोबा, पंधरा पैशांचं? हे कुठून खणून काढलंत? चालायचं नाही. वर तिकीट लावा."

मी तिकीट घेतलं आणि तिथल्याच डिंकाने लावलं. चिमटा काढून खिशात ठेवला. बाईंनी कार्ड घेतलं आणि माझ्यादेखत शांतपणे सगळं वाचलं. मागे रांगेतला माणूस म्हणाला, "आवरा की, काका." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या काहीतरी विचारणार, म्हणून मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. ट्रान्समीटर म्हणजे काय, तिथून सुरुवात करावी लागणार होती.

त्यांनी शिक्का मारला, कार्ड मागच्या पोत्यात टाकलं आणि विचारलं, "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो.